गल्ली नंबर चारमधला टँकर

४ ऑगस्ट, सोमवार

रिटायर होऊन आज पासष्ट दिवस झाले. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं मी लोकांची हजेरी मांडली. आता सकाळी सात ते आठ गेटावर उभा राहून गल्लीत कोण किती वाजता दूध आणायला निघतं तेवढं बघतो. आज गिरिजा म्हणाली, "तुम्ही गेटावर नका उभं राहू. बाया बुजून राह्यल्या." म्हणून गच्चीत खुर्ची टाकली.

गच्चीवरून टँकर आणखी मोठा दिसतो.

हा टँकर आमच्या गल्ली नंबर चारच्या तोंडाशी अडीच वर्षांपासून उभा आहे. पुढची दोन्ही चाकं मातीत रुतली आहेत, मागच्या चाकांतून तरोट्याचं रान वर आलंय, टाकीचं झाकण गायब आहे. पुढची नंबरप्लेट नाही, मागच्या प्लेटवर एमएच २१ एवढंच वाचता येतं. रंग कधीकाळी निळा असावा. त्याच्यामुळं घंटागाडी आत येऊ शकत नाही, सगळ्या गल्लीनं कचरा हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत जायचं. पाऊस पडला की टाकीत पाणी साचतं आणि संध्याकाळी मच्छरांचा जो ढग उठतो तो थेट आमच्या ओट्यावर.

मी अंकुशनगरला कारखान्याच्या क्वार्टरवर राहायचो, इकडं पंधरा दिवसांतून एकदा यायचो. तेव्हा विचारलं की गिरिजा म्हणायची, "असंल कुनाचा तरी. नेतील." एका दिवसासाठी आलेला माणूस किती खोलात जाणार. पण आता मी इथला कायमचा रहिवासी आहे.

लेक शालू पुण्याला असते. तिनं ही डायरी पाठवली आणि फोनमध्ये पालिकेचं तक्रारीचं ॲप टाकून दिलं. फोटो काढायचा, तक्रार लिहायची, नंबर मिळतो, माणूस येतो. गिरिजाला सांगितलं तर ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "दुसरं काही काम न्हाई का तुम्हाला?" नाही, हे खरंच आहे. पण तसं मी म्हणालो नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

ॲपमध्ये पाच कप्पे आहेत. पाणी, दिवाबत्ती, कचरा, मोकाट जनावरे आणि इतर. बेवारस वाहनाचा कप्पा नाही. 'इतर' दाबलं की ॲप बंद पडतं. सहा वेळा करून बघितलं. शेवटी 'पाणी' उघडलं तर आत चक्क 'टँकर' असा शब्द सापडला. तो दाबून, टँकरचे तीन बाजूंनी फोटो टाकून तक्रार नोंदवली. नंबर मिळाला. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवला. बऱ्याच दिवसांनी जेवण चांगलं गेलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

उत्तर आलं: "आपल्या भागात टँकर पोहोचल्याची खात्री करण्यात आली आहे. तक्रार निकाली." पुरावा म्हणून खाली फोटो जोडलाय. तो मीच काढलेला आहे.

त्याखाली विचारलंय, आपण समाधानी आहात काय. 'नाही' दाबलं तर ॲप बंद पडलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. शालूच्या राख्या तिच्या चुलत भावांना पोहोचल्या का, ते फोनवर विचारून घेतलं. गिरिजाला एकच भाऊ, भागवत, केदारखेड्याला असतो. पण शालूच्या लग्नापासून त्याचं आमचं बोलणं बंद आहे. अकरा वर्षं झाली. लग्नात पाण्याची जबाबदारी त्याच्याकडं होती आणि पाणी आलं ते पंगत उठून गेल्यावर. मी चार शब्द बोललो, ते बोलायलाच पाहिजे होते. तेव्हापासून तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. गिरिजानं मात्र पुन्हा कधी विषय काढला नाही. बाई समजूतदार आहे.

सण म्हणून पुरणपोळ्या केल्या होत्या. मी दुपारी पेन्शनच्या कागदासाठी बँकेत जाऊन आलो तर डब्यात एकच. विचारलं तर म्हणाली, शेजारच्या रहिमुन्निसाभाभीकडं दिल्या. नऊ पोळ्या?

आणि महत्त्वाचं म्हणजे मी बँकेतून येताना टँकरपाशी एक संशयित इसम दिसला. अंगानं जाड, डोक्याला हेल्मेट, टँकरच्या बॉनेटवरून हात फिरवत होता. मी "ओ भाऊ" म्हणून हाक मारली तर तो मोटारसायकलला किक मारून गेला. मनगटावर काहीतरी चमकलं, बहुतेक घड्याळ. टँकरच्या बंपरवर चहाचा रिकामा कप होता. कप आमच्याच घरातल्यासारखा वाटला. गिरिजा म्हणाली, तसले कप बाजारात ढिगानं मिळतात. "आणि तो मानूस पत्ता विचारून राह्यल्ता," असं तिनं आपणहून सांगितलं.

मालक टँकरवर नजर ठेवून आहे एवढं नक्की.

१३ ऑगस्ट, बुधवार

दुसरी तक्रार 'मोकाट जनावरे' मध्ये टाकली होती. विचार असा, की बेवारस म्हणजेच मोकाट. आज सकाळी नऊ चाळीसला पालिकेचे तीन लोक दोर आणि जाळी घेऊन आले. वळू कुठं आहे म्हणाले. मी टँकर दाखवला. त्यांनी टँकरला एक चक्कर मारली. त्यातला मोठा मला समजावून म्हणाला, "काका, हे आमच्या गाडीत न्हाई बसत."

गिरिजानं त्यांना चहा दिला. मी तक्रारदार असून त्यांच्याशी जास्त वेळ तीच बोलली. जाताना त्यांनी टाकीत काळं तेल ओतलं, मच्छर मरावेत म्हणून. हे त्यांच्या खात्याचं काम नाही. माझ्या पाठपुराव्याचा परिणाम.

१७ ऑगस्ट, रविवार

एकट्याची तक्रार हलकी पडते. गल्लीत अकरा घरं आहेत. अर्ज लिहून, खाली अकरा ओळी आखून सह्यांसाठी निघालो.

पहिलं घर अजमतभाईंचं. त्यांचं गादी-सोफ्याचं दुकान आहे. टँकर त्यांच्या ओट्याला लागूनच आहे, म्हणून सर्वांत जास्त त्रास त्यांनाच. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला.

"साब, सही तो मैं अब्बी कर देता. लेकिन पैले घर में पूछ लो ना."

मी म्हणालो, "बराबर है. बायांच्या सह्यासुद्धा पाहिजेत." त्यांना खोकला लागला. रहिमुन्निसाभाभींनी आतून पाणी आणलं आणि त्यासुद्धा पदर तोंडाला लावून आत गेल्या. दोघांच्याही तब्येती बऱ्या दिसत नाहीत, मच्छरांमुळंच असेल.

समोर रामराव गुरुजी. ते म्हणाले, "सोमेश्वरराव, हा घरातला विषय है. घरातल्या घरात मिटवा. कागद कशाला?" गल्लीला घर मानणारी अशी माणसं आता कमी राहिली. पण सही केली नाही.

अकरा घरांत मिळून सह्या तीन. त्यातली एक माझी आणि एक भाडेकरूची, जो परवाच राहायला आलाय. गिरिजाला म्हणालो, तू सही कर. ती म्हणाली, "माझे हात पिठाचे हैत." दोन तासांनी विचारलं तरी पिठाचेच होते.

रागानं मी म्हणालो, "या गल्लीत कुणालाच काही पडलेलं न्हाई. आपल्या दारात हा राक्षस उभा करून जाणारा माणूस कसा असंल, विचार कर. लाज न्हाई, काही न्हाई." ती उठून आत गेली. भाकरी करपली होती. तिच्या हातची भाकरी मी करपलेली बघितली नव्हती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. कुणीतरी टँकरच्या लाइटवर झेंडूची माळ घातली आणि कुंकू लावलं. तक्रारीच्या विषयाची अशी चेष्टा. फोटो काढून सातव्या तक्रारीला जोडला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज लिहायला हात होत नाही.

अजमतभाईंची नात आसिफा, चौथीत आहे. तीन दिवस ताप होता, साधा म्हणून घरीच ठेवली होती. आज दुपारी चारच्या सुमाराला एकदम मान टाकली. हातापायांवर लाल पुरळ. ॲम्ब्युलन्स बोलावली ती टँकरच्या पलीकडं थांबली, आत यायला वाटच नाही. अजमतभाईंनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि टँकर आणि भिंतीच्या मधल्या फटीतून आडवे होऊन निघाले. पाऊस होता. मी छत्री धरली, पण फटीत छत्री मावत नव्हती, मिटली. आसिफाची चप्पल चिखलात राहिली. ती मी घेऊन आलो.

जालन्याला नेलं. डेंग्यू. प्लेटलेट्स फार उतरल्यात म्हणाले.

गिरिजा गेटाच्या आत उभी होती. मी जवळ गेलो तरी तिला कळलं नाही. टँकरकडं बघत होती. मी म्हणालो, "सांगत होतो ना मी." हे बोलायला नको होतं. पण बोललो.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. दरवर्षी सोळा भाज्या मोजून करणारी बाई, आज दोनदा मीठ विसरली. जेवली नाही. डबा बांधून दवाखान्यात गेली, भाभी सहा दिवसांपासून तिथंच आहेत.

आसिफाच्या प्लेटलेट्स आज थोड्या वाढल्या. ॲप उघडलं नाही. उघडून काय लिहायचं, कोणत्या कप्प्यात?

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी चहा घेताना गिरिजानं विचारलं, "पालिकेत अर्ज कुनाकडं द्यायचा असतोय?"

मला बरं वाटलं. तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा गोडी लागली. मी सविस्तर सांगितलं: ॲप हा एक मार्ग, फोन हा दुसरा, पण सर्वांत भक्कम म्हणजे कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक विभागाचा शिक्का घ्यायचा, शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. मच्छरांचं असेल तर स्वच्छता निरीक्षकाकडं जायचं, तिथं प्रियदर्शनी म्हणून एक नव्या मॅडम आल्यात, ऐकून घेतात म्हणे.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "आन् मालकानंच सोताहून सांगितलं तर?"

मी हसलो. "मालक कधी स्वतःहून सांगत नसतो. चौतीस वर्षांत एकही माणूस टाइम ऑफिसात येऊन म्हणाला नाही, की मला आज गैरहजर मांडा."

"मंग शिक्षा काय असती?"

"ते मी आहे ना. अशी करायला लावीन की जन्मभर लक्षात राहील."

ती बरं म्हणाली. काठापदराची साडी नेसून दवाखान्यात गेली. दवाखान्यात जायला एवढी चांगली साडी कशाला, हे मला कळलं नाही. यायला दोन तास जास्त लागले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आसिफा घरी आली. वाळली आहे, पण बोलते. तिची चप्पल धुऊन, वाळवून नेऊन दिली. म्हणाली, "अंकल, ये तो छोटी हो गई." पेढे दिले आणि आलो.

१० सप्टेंबर, बुधवार

शेवटी यंत्रणा हलली. प्रियदर्शनी मॅडम स्वतः आल्या, सोबत एक कर्मचारी. वय तिशीच्या आत, पायात बूट, सरळ टँकरखाली वाकून चासीचा नंबर खडूनं घासून वाचला. मी माझी वही दाखवली: नऊ तक्रारी, त्यांचे नंबर, तारखा, उत्तरं. त्यांनी सगळी पानं उलटली. म्हणाल्या, "काका, एवढं व्यवस्थित रेकॉर्ड आमच्याकडंही नाही."

मी म्हणालो, "मालकाचं नाव लागलं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आमच्या गेटाकडं बघितलं. गिरिजा तिथं उभी होती. "खात्री करून घेते," म्हणाल्या. "सोमवारी नोटीस काढते. सात दिवसांत हलवायला लागेल."

त्यांना घरात चहाला बोलावलं. आल्या. गिरिजानं नाव न विचारताच त्यांना 'प्रियदर्शनीताई' म्हटलं. मी घरात इतक्या वेळा उल्लेख केला, त्याचा परिणाम.

१५ सप्टेंबर, सोमवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

अकरा वाजता मॅडम नोटीस घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "काका, आत जाऊन बोलू." मी म्हणालो, आत कशाला, हा सार्वजनिक प्रश्न आहे, सगळ्यांसमोर वाचला पाहिजे. आणि मी घरोघर जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. अजमतभाई दुकान बंद करून आले. रामराव गुरुजी आले. वीसेक माणसं जमली. मी टँकरच्या बंपरवर चढलो. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "काका, ऐका तरी." मी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागलो.

विषय वाचला. संदर्भ वाचला. "सदर वाहन सार्वजनिक रस्त्यावर अनधिकृतपणे उभे करून आरोग्यास धोका निर्माण केल्याबाबत वाहनमालक श्रीमती गिरिजाबाई सोमेश्वर शेजूळ, राहणार गल्ली नंबर चार..."

इथं मी थांबलो. वाटलं, तक्रारदाराच्या जागी चुकून घरातलं नाव पडलं. पुन्हा वाचलं. मालकाच्याच जागी होतं. पुढच्या ओळीत होतं, "सदर मालकाने दिनांक ३ सप्टेंबर रोजी कार्यालयात स्वतः हजर राहून मालकी मान्य केली आहे."

मी वर बघितलं. वीस माणसांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फक्त नव्या भाडेकरूनं विचारलं, "म्हणजे यांचाच का?" त्याला कुणीतरी चूप केलं.

बंपरवरून उतरताना अजमतभाईंनी हात दिला. म्हणाले, "मैं बोला था ना साब. घर में पूछ लो."

१६ सप्टेंबर, मंगळवार

दोघं एकाच घरात आहोत. बोलणं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन करून आलो. गिरिजानं चहा ठेवला आणि समोर बसली. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मी मध्ये एकदाच बोललो.

"शालूच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी भागवतनं टँकर घेतला. कसल्या तरी योजनेत बाईचं नाव लागत होतं. त्याची बायको तवा नांदत नव्हती, म्हणून माझं लावलं. साक्षीदार म्हणून तुमची सही है. तुम्ही पेपर वाचत होते, वाचता वाचता केली.

"अडीच वर्षांमागं इथून जाताना गाडी बंद पडली. दोन दिवस लावू का म्हणाला, मी हो म्हणले. दोन दिवसांचे पंधरा झाले. तो बघायला यायचा. नेतो, नेतो म्हनायचा. आला की मी अजमतभाईच्या ओट्यावर त्याला भाकर वाढायचे. तुमच्या घरात त्यानं पाय न्हाई टाकला. मंग एकदा मिस्त्री घेऊन आला, न्यायलाच. तवा मीच म्हणले, राहू दे. टँकर गेला तर तू कशाला येशील?"

मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही टँकर कुनाचा ते विचारलं. भाऊ कसा है, ते अकरा वर्षांत एकदा तरी विचारलं का?"

तिनं चहा माझ्याकडं सरकवला. म्हणाली, "पन पोरीला फटीतून नेताना बघितलं. मंग मला ऱ्हावलं न्हाई. तुम्ही म्हनता ना, गैरहजर मांडा म्हनून कुनी येत न्हाई. मी गेल्ते."

डायरीत खोटं लिहून उपयोग नाही. तिचं सगळं बरोबर आहे आणि मला ते त्याच क्षणी कळलं. पण तोंडानं मी म्हणालो, "नियमाप्रमाणं बावीस तारखेपर्यंत मुदत आहे." आणि गच्चीवर गेलो. दोन तास बसलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एसटीनं केदारखेड्याला गेलो. गिरिजाला सांगितलं, पेन्शनचं काम आहे. रस्ताभर काय बोलायचं ते पाठ करत होतो.

भागवत शेतात मका बघत होता. केस सगळे पांढरे झालेत. मनगटावर राखी, भिजून भिजून रंग गेलेली. मला बघून तो उभाच राहिला. पाठ केलेलं सगळं गेलं आणि मी म्हणालो, "नोटीस बजवायला आलोय."

"बसा तर," तो म्हणाला.

बाजेवर बसलो. ताक आलं. त्यानं नोटीस वाचली, घडी करून खिशात ठेवली. "नेतो," म्हणाला. "अक्काला तरास व्हायला नको होता. त्या पोरीचं ऐकलं तवापासून मलाच झोप न्हाई."

मग दोघंही ताक पीत राहिलो. ताक संपलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "लग्नात पाणी का उशिरा आलं होतं?"

तो माझ्याकडं बघून राहिला. "आता विचारून राह्यले?"

"आता."

"गाडी टायमावर भरली होती. रस्त्यात चव घेतली तर पानी खारं. भाचीच्या लग्नात वऱ्हाडाला खारं पानी पाजू का? सगळं ओतून देलं आन् दुसऱ्या हिरीवर गेलो. तिथं लाइट न्हाई. लाइट यायला दोन घंटे गेले."

"मग तेव्हा सांगायचं होतं."

"कसं सांगू? मी मांडवात आलो तर तुम्ही माइकवर बोलून राह्यल्ते. मुलीचे मामा गैरहजर, मुलीचे मामा गैरहजर. दोनदा."

माइक चालू होता हे मला आज कळलं. मी ते शेजारच्या माणसाला म्हणालो होतो.

येताना त्यानं बसस्टँडपर्यंत मोटारसायकलवर सोडलं. मागं बसून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला, रस्ता खराब आहे. मी म्हणालो, रविवारी ने टँकर. तो म्हणाला, "रविवारी अमावास्या है. सोमवारी आणतो ट्रॅक्टर."

२२ सप्टेंबर, सोमवार

भागवत सकाळी आठला ट्रॅक्टर आणि लोखंडी साखळी घेऊन आला. घरात घट बसवायचे होते, ते गिरिजानं पहाटेच उरकले होते आणि साडेसातपासून गेटात उभी होती. मी कोपऱ्यापर्यंत सामोरा गेलो होतो, त्याच्या मागं मला बघून ती एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "पेन्शनचं काम झालं."

आधी पाणी सोडायचं होतं. टाकीचा खालचा कॉक गंजलेला, अजमतभाईंनी हातोडीनं ठोकून उघडला. पाण्याबरोबर बेडूक निघाले. मी चाळीसपर्यंत मोजले, मग रामराव गुरुजी म्हणाले, यांची पण हजेरी घेता का, म्हणून सोडून दिलं. प्रियदर्शनी मॅडमनी माणूस पाठवला होता, त्यानं पावडर मारली.

साखळी लावली. ट्रॅक्टरनं ओढलं तर साखळी ताणली गेली आणि टँकर आहे तिथंच. दुसऱ्यांदा ओढलं, ट्रॅक्टरचीच चाकं फिरली. मग सगळी गल्ली मागून ढकलायला आली. मला उजव्या बाजूला जागा मिळाली. शेजारी भागवत. जोर लावताना खांद्याला खांदा लागला, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"दाजी, कमरेनं नका लावू. पायानं लावा," तो म्हणाला. अकरा वर्षांनी दाजी.

मी पायानं लावला. टँकर हलला. असा आवाज झाला की सगळे मागं सरकले, मग पुन्हा धावले. तो गल्लीच्या बाहेर गेला तेव्हा घरातून बघणाऱ्या बायांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आसिफा ओट्यावर उभी होती, नव्या चपलांत.

भागवतला म्हणालो, आत चल, हातपाय धू. त्यानं उंबऱ्यापाशी बूट काढले आणि थांबला. गिरिजा आतून पाणी घेऊन आली, अर्धं पाणी त्याच्या पायांवरच सांडलं. तो आत आला. आमच्यात नऊ दिवस उपास असतो, पण तिनं त्याच्यासाठी ताट केलं. मला भगर वाढताना ती दोनदा वाढून गेली.

टँकर भंगारात जाईल. भागवत म्हणाला, इंजिन तेवढं काढून ठेवतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

घंटागाडी पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत आली. चालकाला माहीतच नव्हतं की आत एवढी घरं आहेत. सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी.

२८ सप्टेंबर, रविवार

टँकर होता तिथं जमीन पिवळी पडली आहे, चौकोनी. गल्लीतली पोरं तिथं खेळतात. सगळं चांगलं झालं. पालिकेचं पत्र आलं, प्रकरण बंद. रामराव गुरुजींनी मला वॉर्डाच्या समितीवर घ्यायचं सुचवलंय.

पण गिरिजा दुपारी भाकरी झाल्या की गेटात येते. पाच मिनिटं उभी राहते, त्या पिवळ्या चौकोनाकडं बघते आणि आत जाते. मी गच्चीवरून चार दिवस बघतोय. पहिल्या दिवशी वाटलं, ऊन खात असेल.

आज ती आत गेल्यावर मी भागवतला फोन लावला. म्हणालो, पुढच्या रविवारी ये.

तो म्हणाला, "काय काम है?"

काम काही नव्हतं. बहिणीला भेटायला ये असं सरळ म्हणता आलं असतं. इतकं साधं वाक्य, पण ते तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "पुढच्या दाराची कडी बसत नाही. मिस्त्री मिळत नाही इकडं."

"बरं. येतो. स्क्रू आणू का?"

"आण."

फोन ठेवला. स्क्रू ड्रायव्हर शोधून पुढच्या दाराच्या कडीचे दोन्ही स्क्रू काढले आणि खिशात टाकले. कडी लोंबली. गिरिजानं आतून विचारलं, कसला आवाज आला. मी म्हणालो, "कडी तुटली. भागवतला बोलावलंय."

ती बाहेर आली. लोंबती कडी बघितली, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर बघितला. स्वयंपाकघरात जाऊन पीठ चाळायला लागली, रविवारला अजून सात दिवस आहेत तरी.